शेवटच्यानं म्हणायचं, आहो

१

आमच्या तलावाच्या पाळीवर पळायचे दोन नियम होते. मागे वळून पाहायचं नाही, आणि सगळ्यांत शेवटी जो असेल त्यानं "आहो" म्हणायचं. दोन्ही नियम टिकाराम सरांचे. सर शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. पोट सुटलं होतं आणि जीव घरी रमत नव्हता, म्हणून पहाटे सायकल घेऊन आम्हाला पळवायला यायचे.

एकोडीच्या पलीकडे आमचं गाव. गावाला लागून मोठा तलाव. तलावाच्या पाळीवरून निघायचं, सांडव्याजवळून खाली उतरायचं, धानाच्या बांध्यांमधल्या पांदणीनं शाळेपर्यंत यायचं आणि पुन्हा पाळीवर चढायचं. हा एक राउंड, दोन किलोमीटरचा. असे पाच. पाळीच्या मध्यावर तुडूम आहे, म्हणजे शेताला पाणी सोडायची जुनी दगडी मोरी. तिथं पाळ इतकी अरुंद होते की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दहा-बारा फूट खोल उतार आणि त्यात बेशरमाची दाट झुडपं. हिवाळ्यात धुकं असं पडतं की स्वतःचे गुडघे दिसत नाहीत. म्हणून पुढच्यानं तुडूम ओलांडला की ओरडायचं, "आहे का?" आणि शेवटच्यानं जबाब द्यायचा, "आहो."

आमच्याकडे "मी आहो" म्हणतात आणि "आमी आहो"सुद्धा. एकाला आणि दहांना एकच शब्द पुरतो. एकदा स्पर्धेला आलेल्या पुण्याकडच्या एका पंच बाईंनी ते ऐकलं आणि विचारलं, "ही मुलगी नवऱ्याला हाक मारतेय का?" आम्ही आठवडाभर हसत होतो.

पुढे मी असायची. मी रेणू, भैय्यालाल ढिवराची पोरगी, आणि मला पुढे राहायची वाईट खोड होती. माझ्या मागे मोनिका, मग भूषण, आणि सगळ्यांत शेवटी डिंपल. डिंपल आमच्या शेजारच्या सोमाजीकाकांची. लहानपणापासून आम्ही एकाच डोंग्यात बसून शिंगाडे काढले होते. तिला पळता फारसं यायचं नाही, पण सोबत सुटू नये म्हणून यायची.

"तू काहून मांगंच राहतं वो नेहमी?" मी एकदा तिला विचारलं होतं.

"मले मांगंच बरं वाटते," ती म्हणाली. "तुमी सारे समोर दिसता. भेव नाही वाटत."

मला मात्र राग यायचा. खरं सांगते, यायचाच. तिच्यासाठी दर राउंडला शाळेजवळ थांबावं लागायचं आणि माझं घड्याळ चालू राहायचं. राज्याच्या क्रॉस-कंट्री संघात निवड झाली तर नागपूरच्या हॉस्टेलात जागा मिळणार होती. नाही झाली तर आईसोबत साकोलीच्या बाजारात मासोळ्या घेऊन बसायचं. त्यात लाज कसली, आईनं आयुष्यभर तेच केलं. पण मला ते नको होतं.

२

मागच्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर लग्नाला गोंदियाला गेले होते. भूषणला ताप होता. आम्ही तिघीच निघालो, आणि सर नसल्यामुळे मी जाहीर करून टाकलं की आज कुणासाठी थांबायचं नाही.

धुकं दाट होतं. पहिल्या राउंडला तुडूम ओलांडला आणि मी ओरडले, "आहे का?" लांबून, धापा टाकत डिंपलचं "आहो" आलं. दुसऱ्या राउंडला विचारलं, आलं. तिसऱ्याला आलं. चौथ्याला आणि पाचव्यालाही आलं. शाळेच्या फाटकाशी मी घड्याळ थांबवलं तेव्हा एक्केचाळीस मिनिटं वीस सेकंद झाले होते. बेचाळीसच्या आत मी तोवर कधी आले नव्हते. मोनिका दोन मिनिटांनी आली. आम्ही नळावर तोंड धुतलं, माझी पाठ थोपटून झाली, चार फोटो काढून झाले.

"डिंपल कोठं राहिली?" मी विचारलं.

"येते वो. ते कधी वेळेवर आली?" मोनिका म्हणाली.

ती आली नाही. तिला माझ्या बाबांनी आणलं, पाठीवर घालून. बाबा डोंगा घेऊन जाळं काढायला गेले होते. तुडूमच्या बाजूनं कण्हणं ऐकू आलं म्हणून ते पाळीवर चढले. डिंपल खाली बेशरमात पडली होती. नडगीचं हाड मोडून पाय भलतीकडे वळला होता, आणि ओठ निळे पडले होते.

भंडाऱ्याला दवाखान्यात पायात रॉड टाकला. शुद्धीवर आल्यावर तिनं सांगितलं, की पहिल्याच राउंडला, "आहो" म्हटल्यावर तुडूमपाशी येताच तिचा पाय दवानं ओल्या दगडावरून सटकला. पडली ती छातीवर. आवाजच फुटेना. आम्ही तिच्या डोक्यावरून चार वेळा पळत गेलो.

"मंग बाकीचे चार 'आहो' कोनं म्हणले?" सरांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला ऐकू आलं. मोनिकाही म्हणाली, मलाही आलं. सर टक्कल चोळत म्हणाले, कानाला सवय लागली की कान आपल्याच मनानं ऐकतात. सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. डिंपल माझ्यापेक्षा नेहमी निदान मिनिटभर मागे असायची. तिचा जबाब यायचा तो उशिरा, लांबून, धुक्यात बुडालेला. त्या दिवशी दुसऱ्या राउंडपासून जबाब आला तो लगेच. माझी हाक पुरती संपायच्या आत आणि अगदी जवळून. हे तिसऱ्या राउंडला माझ्या लक्षात आलं होतं. हा आवाज डिंपलचा नाही, असं मनात स्पष्ट आलं होतं. पण घड्याळ चांगलं चाललं होतं, म्हणून मी पळत राहिले.

३

त्यानंतर ग्रुप मोडला. सरांनी येणं बंद केलं. मोनिकाच्या घरच्यांनी तिला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं आणि भूषण नागपूरला कामाला लागला. मी एकटी उरले.

वर्षभर मी एकोडीच्या डांबरी रस्त्यावर एकटी पळाले. आधी वाटलं होतं, बरं झालं, कुणासाठी थांबायला नको. पण एकटीला पळणं मला जमेना. मागे पावलं वाजत नसली की पाय आपोआप सुस्तावतात. आपण जिंकतोय की हरतोय हेच कळत नाही. चव्वेचाळीस मिनिटं लागू लागली, मग पंचेचाळीस. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि निवड जानेवारीत, तीही मातीच्या ट्रॅकवर. माती म्हणजे पाळ. मग नोव्हेंबरात मी पुन्हा पाळीवर गेले.

तिसऱ्या दिवशी धुकं पडलं. तुडूम ओलांडला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आहे का?"

"आहो."

मी थांबले नाही. थांबायला हवं होतं असं आता वाटतं, पण त्या क्षणी पाय स्वतःहून सुटले. घरी आल्यावर मी शांतपणे विचार केला. समोर पाणी, मागे दगडी मोरी, तेव्हा आवाज परत फिरत असणार. दुसऱ्या दिवशी तिथंच थांबून मी ओरडले, "कोण आहे?" काही परत आलं नाही. "मोनिका!" म्हणून ओरडले. तलावावरची बदकं उडाली, बाकी काही नाही. मोबाइल कमरेला बांधून रेकॉर्ड करून पाहिलं, तर नुसती कापडाची घरघर. मग निघताना, पळत पळत, अगदी बेसावध असल्यासारखं विचारलं, "आहे का?"

"आहो."

विचारल्यावर मागे पावलंही वाजायची. माझ्या पावलांपेक्षा किंचित उशिरा. शाळेपर्यंत यायची आणि तिथं थांबायची. विचारलं नाही तर काहीच नसायचं. म्हणजे सगळं माझ्या हातात होतं, न विचारणं एवढंच करायचं होतं. मी दोन दिवस विचारलं नाही. चव्वेचाळीस मिनिटं, आणि चव्वेचाळीस पन्नास. तिसऱ्या दिवशी विचारलं, तर चाळीस मिनिटं पाच सेकंद.

मग मी रोज विचारू लागले. भीती वाटायची, मानेवरचे केस उभे राहायचे, पण भीतीनं पाय पळतात, आणि मला पायांशी मतलब होता. माणूस किती लवकर कशालाही सरावतो, हे मला तेव्हा कळलं.

४

डिसेंबर सरत आला तशी एक दिवस मी पळून घरी आले आणि ओट्यावर बसले. आई आतून पाण्याचे दोन ग्लास घेऊन आली. एक मला दिला आणि दुसरा हातात धरून दारातून इकडेतिकडे पाहू लागली.

"डिंपल कोठं गेली?"

"डिंपल कुठली? मी एकटीच तर आहो."

"काय बोलतं वो? दोघींचे पाय वाजले आंगनात. मले वाटलं तिचा पाय बरा झाला, आली बिचारी." मग तो ग्लास तिनं प्यायला नाही, आत परतही नेला नाही. तुळशीत ओतला आणि चुलीकडे गेली.

तोवर पावलं शाळेशी थांबत होती, अशी माझी समजूत होती.

त्या रात्री मी ठरवलं की पुरे झालं, आणि सकाळी उठून पाळीऐवजी डिंपलकडे गेले. वर्षभरात मी तिच्याकडे मोजून पाच-सहा वेळा गेले असेन. दर वेळी सांगायचं ठरवून गेले आणि दर वेळी शिंगाडे खाऊन, इकडचं तिकडचं बोलून परत आले. तिनं मला माफ करावं एवढंच मला हवं होतं, आणि माफी मागायची तर काय केलं ते सांगावं लागतं. तोंड तिथंच अडायचं.

डिंपल अंगणात जाळं विणत बसली होती. मला पाहून सरळ उभी राहिली, काठीशिवाय.

"डॉक्टरनं पळू दिलं, हळूहळू. तू सकाळी जाऊन राहिली ना पाळीवर? मी बी येतो उद्या."

"नको."

"काहून नको?"

"धुकं असते."

"असते तं असते. मांगं राहीन मी, माही जागाच ते." ती हसली. "तुले थांबायची गरज नाही. तू पुढं जाय."

मी म्हटलं, "येतं तं ये. पर पुढं तू राहशील. मांगं मी."

तिनं नडगीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं. तसंच करू."

५

धुकं होतंच. डिंपल पुढे आणि मी मागे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या मागे पळत होते. तिचा वेग इतका कमी की मला जवळजवळ चालल्यासारखं वाटत होतं. निवड आठ दिवसांवर आलेली, आणि तरी मला त्या दिवशी घड्याळ पाहावंसं वाटलं नाही. तिची निळी ओढणी कमरेला बांधलेली होती. ती दिसत होती तोवर मला ठीक वाटत होतं.

मग ओढणी दिसेनाशी झाली. धुकं दोघींच्या मध्ये आलं. तिची पावलं मात्र ऐकू येत होती, एक पाय किंचित घासत पडणारी. मी मनात ठरवलं होतं की तिनं विचारलं की मी मोठ्यानं, खणखणीत जबाब देणार. आज जबाब देणारी मीच असणार, दुसरं कुणी नाही.

"आहे का?" पुढून डिंपलचा आवाज आला.

मी तोंड उघडलं.

"आहो."

ते मी म्हटलं नव्हतं. माझं तोंड नुसतं उघडं होतं. आवाज माझ्या पाठीमागून आला, हातभर अंतरावरून, आणि तो माझा होता. मोबाइलमध्ये ऐकू येतो तसा माझाच. मी ओरडायला गेले तर घशातून हवासुद्धा निघेना. त्या क्षणी मला कळलं की त्या दिवशी खाली पडून डिंपलला काय वाटलं असेल. पुढे पळणारी जबाब ऐकणार, समाधान पावणार आणि पळत निघून जाणार. ती चुकतेय असं सांगायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. माझे पाय थांबले होते, आणि मागची पावलंही थांबली होती.

पण पुढची पावलंही थांबली.

मग ती उलटी येऊ लागली, घासत. धुक्यातून आधी ओढणी दिसली, मग डिंपल. तिनं मला पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिचा चेहरा मी जन्मापासून पाहत आले, पण त्याच्यावर ते जे आलं तसं मी कधी पाहिलं नव्हतं. भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त ओळख होती. आपल्या गावचं कुणीतरी परक्या बाजारात अचानक दिसावं तशी.

तिनं माझं मनगट धरलं.

"मांगं पाहू नको," ती म्हणाली. "चाल."

माझ्या मागे तुडूमच्या उतारावर बेशरमाच्या फांद्या मोडल्यासारख्या वाजल्या. कुणीतरी खाली उतरत असावं, सवयीच्या वाटेनं, घाई न करता. मी पाहिलं नाही. फक्त डिंपलच्या डोळ्यांत पाहत होते, आणि तिचे डोळे काहीतरी खाली खाली जाताना बघत होते.

६

शाळेच्या पायरीवर आम्ही बसलो. ऊन यायला वेळ होता. मी सगळं सांगून टाकलं. तो आवाज जवळून येत होता, तिचा नव्हता, मला कळलं होतं आणि तरी मी पळत राहिले, घड्याळासाठी. वर्षभर मी तोंड लपवत राहिले. सांगताना मी रडत होते आणि नाक पुसायला रुमालसुद्धा नव्हता. तिनं ओढणीचं टोक दिलं.

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"मी खालीच होती ना वो. तुमी वरून जात होत्या. सारं आयकू येत होतं मले. तू विचारे, आहे का. आन् मंग तूच म्हने, आहो. त्याच दमात. तुह्याच तोंडानं."

नाही म्हणावंसं वाटलं, पण आठवलं. हाक संपायच्या आत आलेला, अगदी जवळून आलेला जबाब. त्याहून जवळचं मला दुसरं काय असणार होतं?

"मंग काहून नाही सांगितलं कोनाले? सरांनी विचारलं तवा?"

"सांगून काय करू? पाय मोडलाच होता. तुही निवड बी मोडली असती." तिनं पाय लांब केला आणि नडगी चोळली. "आधी खूब राग आला. मंग वाटलं, तुले तं मालूम बी नसन. दुसऱ्यानं म्हटलं असंच वाटलं असन तुले. एवढी वाईट नाही तू. पुढं जायची घाई आहे तुले, बस."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तिनं पडू दिलं नसतं, म्हणून मी तिचा मोडलेला पाय मांडीवर घेऊन बसले. आतल्या रॉडचा स्क्रू कातडीखाली हाताला लागत होता.

"चारही वेळा मीच म्हणली?" मी विचारलं. मला हिशेब पुरता हवा होता. आपल्या वाट्याचं सगळं आपल्या अंगावर घ्यावं, असं वाटत होतं.

पांदणीतून कुणाची तरी बैलगाडी येत होती. ती समोरून निघून जाईपर्यंत डिंपल थांबली.

"तीन वेळा," ती म्हणाली. "चवथ्यांदा तू विचारलं, आन् गपच राहिली. दम लागला असन तुले. मले वाटलं, आता थांबते. आता पाहते खाली." ती हळू बोलत होती, शाळेच्या भिंतीलाही ऐकू जाऊ नये इतकं हळू. "तवा ते माह्या बाजूनं आलं. झुडपातून. कानाशी लागून कोनी बोलावं तसं. तुह्यासारखंच म्हटलं त्यानं. तीनदा आयकून शिकलं होतं."

मग तिनं पाय खाली घेतला आणि उठली. माझा हात तिनं धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. वाटेत आम्ही एकमेकींना काहीच विचारलं नाही.